इनटेक एअर टेम्परेचर सेन्सर: नवा घेण्याआधी घरीच तपासा

इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या या सेन्सरचा पी०११३ हा एरर कोड स्कॅनरवर दिसला की पुष्कळ गॅरेजांत थेट नवा सेन्सर बसवतात. पण हा कोड फक्त एवढंच सांगतो की सिग्नलचा व्होल्टेज जास्त आहे, म्हणजे बहुधा सर्किट कुठेतरी तुटलंय. मग तो सेन्सर असेल, वायर असेल, नाहीतर कपलरमधली (वायरच्या प्लगमधली) गंजून हिरवी पडलेली पिन. नेमकं काय ते पैसे घालवण्याआधी कळायलाच हवं.

त्यासाठी ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी पोर्टला लावून सेन्सरचे आकडे दाखवणारं उपकरण) आणि पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

पहिली तपासणी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर करा. स्टार्टर न मारता फक्त इग्निशन ऑन करा. डोंगलवर आत येणाऱ्या हवेचं आणि कूलंटचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे, चार-पाच अंशांचा फरक चालतो. डिसेंबरातल्या पहाटे कूलंट १४ दाखवतंय आणि हवा ४५, तर गडबड आहे. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये मात्र हवेचा आकडा बघून निदान करू नका. थांबलेल्या गाडीत बोनेटखालची हवा तापते, तेव्हा ६० दिसणंही स्वाभाविक. मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की तो उतरतो. उतरला नाही तर शंका घ्या.

हवेचं तापमान उणे ४० दिसत असेल तर सर्किट उघडं, म्हणजे तुटलेलं आहे. सेन्सर दोन पिनांचा असेल तर इग्निशन बंद करून कपलर काढा, वायरिंगच्या बाजूच्या दोन्ही पिना बारीक तारेने जोडा आणि इग्निशन ऑन करा. आकडा शंभरच्या वर उडाला तर वायरिंग ठीक, दोष सेन्सरचा किंवा त्याच्या सैल पिनांचा. उणे ४० वरच राहिला तर तुटलेली वायर शोधा. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर बोनेटखाली शिरून वायर कुरतडून ठेवतात. पी०११२, म्हणजे सर्किट शॉर्ट झाल्याचा कोड, आला तर उलट करायचं: कपलर नुसता काढा. आकडा उणे ४० ला आला तर सेन्सर आतून शॉर्ट, नाही आला तर सिग्नलची वायर कुठेतरी बॉडीला टेकलीय.

चार किंवा पाच पिना असतील तर सेन्सर मॅप (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) सेन्सरमध्ये किंवा एअर फ्लो मीटरमध्ये (आत येणारी हवा किती ते मोजणाऱ्या भागात) बसवलेला असतो. तिथे वायरिंगचा नकाशा हातात असल्याशिवाय तार लावू नका. चुकून ५ व्होल्टची पिन अर्थला टेकली तर त्याच लाइनवरचे इतर सेन्सरही बंद पडतात.

आता रोध (रेझिस्टन्स). कपलर लावलेला असताना ओहम मोजले तर ईसीयूचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) सर्किटही मध्ये येतं, म्हणून सेन्सर सुटा करून मल्टिमीटरच्या २० के (२०,००० ओहम) रेंजवर मोजा. बॉशच्या नेहमीच्या एनटीसी (तापमान वाढलं की रोध कमी होणाऱ्या) सेन्सरचा रोध २० अंशांना सुमारे २५००, ४० ला ११७५ आणि ६० ला ६०० ओहम असतो. इतर कंपन्यांचे आकडे वेगळे असतात, पण तापमान वाढलं की रोध उतरायलाच हवा. हेअर ड्रायर थोडा लांब धरून बघा. उतार सलग हवा. मध्येच उडी मारली तर सेन्सर बदला. अगदी सावकाश उतरत असेल तर टोकावर तेलकट काजळी बसलेली असते, डिझेलमध्ये विशेषतः. ती एअर फ्लो सेन्सरच्या क्लीनरनेच काढा, कार्ब (कार्ब्युरेटर) क्लीनर वापरू नका.

बदलायचाच ठरला तर सुट्या भागांसाठी नाना पेठेत जाताना जुना सेन्सर सोबत न्या आणि त्यावरचा पार्ट नंबर जुळवून घ्या. कपलर बसला म्हणजे आतला रोधही तोच असेल, असं नाही.