सबटायटल कोणत्या भाषेत ठेवायची?

परकी भाषा शिकवणारे हमखास विचारतात: वर्गात चित्रपट लावला तर सबटायटल कोणत्या भाषेत ठेवायची, आणि एआयकडून काय करून घ्यायचं? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

अख्खा चित्रपट लावू नका. दोन-तीन मिनिटांचा एकच प्रसंग घ्या. त्यावर पाऊण तास सहज जातो. पहिल्यांदा आवाज बंद ठेवा. कोण कोणाचं कोण, नजर कोण चुकवतं, हे मुलांना टिपू द्या. दुसऱ्यांदा आवाज सुरू, सबटायटल नाहीत. तिसऱ्यांदा त्याच परकी भाषेतली. मातृभाषेतली अगदी शेवटी, तीही मुलं अडली तरच. आधी लावली की सगळं लक्ष वाचण्यात जातं आणि ऐकणं राहून जातं. डब केलेला चित्रपट टाळा, त्यात आवाज आणि सबटायटल बरेचदा जुळतच नाहीत.

सबटायटल म्हणजे संवाद नव्हे. एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, एका वेळी दोनच ओळी, म्हणून बोलणं छाटावं लागतं. त्यात आधी जातं ते अडखळणं, आर्जव, संबोधन. म्हणजे नेमकं जे शिकवायचं तेच. फ्रेंचमध्ये दोन माणसं 'व्हू'वरून (तुम्ही) 'त्यू'वर (तू) आली की नातं बदललेलं असतं. इंग्रजी सबटायटलमध्ये दोन्हीकडे 'यू'. आपल्याकडे तू आणि तुम्ही आहेत. मग इंग्रजीचा वळसा कशाला?

संवाद लिहून काढायला एआय कामाचं. प्रसंगाचा आवाज व्हिस्परसारख्या, बोलणं ऐकून लिहून देणाऱ्या साधनाला द्या, पण आलेला मजकूर कानाने तपासल्याशिवाय वाटू नका. पडद्यावरचा माणूस घाईत 'शे पा' (माहीत नाही) म्हणतो आणि कागदावर त्याच अर्थाचं 'ज न से पा' असं नीटनेटकं वाक्य उमटू शकतं. शांततेत किंवा संगीतावर कोणी न बोललेली वाक्यंही घुसतात. मुलांनी ऐकून भरावेत म्हणून तपासलेल्या मजकुरातून आठ-दहा शब्द गाळा आणि ते स्वतः निवडा: संबोधनं, होकार-नकार, विनंतीचे शब्द.

मग तोच मजकूर देऊन एआयला सांगा: हाच संवाद, पण समोर मित्राऐवजी वरिष्ठ. दोन्ही शेजारी ठेवून काय बदललं ते मुलांनी शोधावं. मजकूर न देता प्रसंगाविषयी विचारलंत तर न घडलेलं घडलं म्हणून सांगायला ते कचरत नाही. 'फ्रेंच लोक असेच असतात' असं उत्तर आलं, तर मुलांना विचारा: प्रसंगातलं कोणतं वाक्य, कोणती हालचाल याला आधार देते? सापडलं नाही, तर ते विधान फळ्यावर तसंच राहू द्या आणि पुढच्या तासाला दुसऱ्या चित्रपटातल्या प्रसंगावर पारखून घ्या.