चमच्याची मान

चमचा मोडतो तो मानेत. वाटी आणि दांडा जुळतात तिथे. थंड श्रीखंडात खुपसून वर उचलला की सगळा जोर त्या बोटभर जागेवर येतो. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या चमच्यांवर देशभर बंदी आली, तेव्हापासून मी उसाच्या चोथ्याचे चमचे डिझाइन करते आहे. त्यातला निम्मा वेळ या मानेने खाल्ला.

त्या दिवशी कोल्हापूरजवळच्या एका युनिटमध्ये नव्या डायची, म्हणजे साच्याची, ट्रायल होती. दांडा मी मुद्दाम रुंद ठेवला होता, अंगठा विसावेल एवढा खोलगट. माझ्या आजीला संधिवात आहे, बारीक दांडा तिला चिमटीत धरवत नाही. प्रत्येक पंगतीत असे चार-सहा जण असतातच, पण ऑर्डर देणारे ग्रॅम आणि पैसे यापलीकडे काही विचारत नाहीत, याचा मला राग येतो.

मान भक्कम व्हावी म्हणून तिथली जाडी मी दुप्पट केली होती. चमचे प्रेसमधून निघाले ते मानेत पोचट. नखाने टोकरलं तर पापुद्रे सुटत होते आणि आत ओल होती.

मशीनवरच्या मामांनी एक चमचा उभा फाडून माझ्या हातात ठेवला. "मॅडम, प्लास्टिक वितळून कोपऱ्यापत्तोर धावतंय. लगदा जिथं बसला तिथंच ऱ्हातोय."

आठ वर्षं डिझाइनच्या धंद्यात असून हे मला असं कुणी सांगितलं नव्हतं. लगद्याच्या टाकीत नव्व्याण्णव टक्के पाणीच असतं. जाळी बसवलेला डाय त्यात बुडतो, मागून व्हॅक्यूम पाणी ओढतो आणि तंतू जाळीवर बसतात, सगळीकडे साधारण सारखेच. मी प्रेसच्या दोन भागांत मानेपाशी जास्त फट सोडली होती. तिथे भरायला जादा तंतू आलेच नाहीत, मग दाब कुठून मिळणार? स्क्रीनवर मी अजून प्लास्टिकचाच चमचा काढत होते.

मामांनी डायमधली, वाटीच्या बुडाखालची पाणी ओढणारी काही भोकं बुजवून पाहिली. तंतू मानेकडे वळले, पण वाटी पातळ पडून आमटी झिरपायला लागली. शेवटी जाडी सारखी ठेवून मानेला पन्हळीसारखा बाक द्यायचं ठरलं. पत्रा वाकवला की ताठ होतो, तसं. पन्हळीच्या कडा उभ्या ठेवल्या तर चमचा डायमधून सुटताना फाटतो, उतरत्या ठेवल्या तर ताठपणा जातो. तीन वेळा डाय घासून घेतला.

झिरपण्यावर फ्लोरिनयुक्त रसायनाचा उपाय सुचवणारे भेटतात. ती रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं मोडत नाहीत. ती घालून वर पर्यावरणपूरक म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि तसं मी बैठकीत स्पष्ट सांगितलं.

पन्हळीचा चमचा श्रीखंडात टिकला. मी तो आजीच्या हातात दिला. तिने अंगठा खोलगट जागी ठेवला, दोन घास खाल्ले आणि जिभेने ओठ ओले केले.

"हातात छान बसतोय गं. पण ओठाला चिकटतोय."

तंतू पाणी ओढतात, ते ओठांवरचंही. वाटीची कड आणखी गुळगुळीत दाबून पाहायची आहे. पुढच्या मंगळवारी मामांची दिवसपाळी आहे.