कोटावर दशक लिहिलेलं, साडीवर मात्र नुसतं ‘विंटेज’

इंग्लंडात जुने कपडे किलोवर विकतात. एखाद्या मोठ्या हॉलमध्ये रांगेनं स्टँड लावायचे, दाराशी वजनकाटा, की झाली विक्री सुरू. हल्ली त्यात आपल्या साड्याही लोंबताना दिसतात. इरकल असो, म्हैसूर सिल्क असो की साधी नायलॉनची असो, सगळ्यांवर चिठ्ठी एकच: ‘विंटेज सिल्क सारी’. शेजारच्या लोकरी कोटावर मात्र ‘१९४० चं दशक’ असं ठासून लिहिलेलं. आपल्या साडीला वयच नाही, हे काही पटत नाही. म्हणून हे टिपण.

आधी त्यांचा कोट बघा. त्यांचं काम लेबलांनी सोपं केलंय, हे मान्य करायलाच हवं. सीसी-४१ असा शिक्का असेल, कडा चावलेल्या दोन चकत्यांसारखा, तर ते युद्धकाळातलं सरकारी ‘युटिलिटी’ कापड. हा शिक्का १९४१ ते १९५२ एवढाच चालला. किमतीच्या चिठ्ठीवर शिलिंग-पेन्स असतील तर १५ फेब्रुवारी १९७१ च्या आधीची विक्री. ‘सेंट मायकल’ हे मार्क्स अँड स्पेन्सरचं लेबल १९२८ पासून २००० पर्यंत होतं. त्यामुळं नुसतं नाव वाचून काही ठरत नाही, लेबलावर आणखी काय छापलंय ते बघावं लागतं. धुण्याच्या टबाचं चित्र असेल तर कपडा युद्धकाळातला नव्हेच. साइजच्या आकड्यावर तर विसंबूच नका. जुना १२ नंबर आजच्या १२ पेक्षा बराच आवळ असतो.

लेबल फसवतं कुठं? ते उसवून दुसऱ्या कपड्याला लावता येतं. म्हणून लेबलाच्या कडेचा दोरा आणि आतल्या शिवणीचा दोरा ताडून बघायचा. शिवणीच्या आतून इंचभर दोरा काढा, चिमट्यात धरून काडी लावा. कागदासारखा जळून मऊ करडी राख झाली तर सुती. केस जळाल्याचा वास आला आणि काळी गोळी बोटांनी चुरगळली तर रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर किंवा नायलॉन. सगळ्या मूळ शिवणी पॉलिस्टर दोऱ्याच्या असतील तर तो कोट चाळीसच्या दशकातला नव्हे, चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो.

चेनचंही तसंच. धातूची चेन जुनी दिसते, खरं ती आजही मिळते. नायलॉनच्या वेटोळ्यांची चेन साठच्या दशकापासून रुळली. ती दिसली की आधी शेजारी सुईची रिकामी भोकं शोधा. भोकं असली तर चेन बदललेली आहे, आणि तिच्यावरून कपड्याचं वय धरायचं नाही. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली कापड निळसर चमकलं की ‘नवीन’ म्हणणारेही भेटतात. जुनं कापड आजच्या साबण पावडरीत धुतलं तरी चमकतं.

नियम एवढाच: कपड्यातली सगळ्यात नवी मूळ वस्तू शोधायची. कपडा तिच्या आधीचा असू शकत नाही.

आता आपल्या साडीकडं येऊ. साडीला लेबल नाही, शिवण नाही, चेन नाही. फॉल आहे, खरं तो नंतर लावलेला. इरकलीत धड आणि पदर यांचे ताणे एकेक फास अडकवून जोडतात, ती जोडाची रेघ उलट्या बाजूनं हाताला लागते. ती असली तर हातमागाची, एवढंच कळतं. वय कळत नाही, कारण असा जोड आजही घालतात. जरीचा एक तंतू टोकाकडून काढून नखानं उलगडा. आत दोरा आणि वर चपटी तार निघेल. तार काळवंडलेली, पण खरवडल्यावर आत पांढरी असेल तर चांदीची, लालसर असेल तर तांब्याची. काडी लावताच सगळंच आक्रसून वितळलं तर प्लॅस्टिक, आणि मग आजेसासूबाईंच्या लग्नाची कथा बाजूला ठेवावी लागते.

खरा पुरावा साडीत नसतो, तिच्याबरोबरच्या कागदात असतो. आणि इथं आपण इंग्रजांना भारी पडतो. आपल्या बेळगाव भागाचे पत्ते इतक्यांदा बदललेत की दुकानाची पिशवीच तारीख सांगते. ‘शहापूर, सांगली संस्थान’ छापलंय? १९४८ किंवा त्याआधीचं. मुंबई राज्य? १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचं. त्या दिवशी बेळगाव मैसूर राज्यात गेलं, ती तारीख आपल्याकडं कुणाला समजावायला नको. ‘मैसूर स्टेट’ असेल तर तेव्हापासून १९७३ पर्यंत. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, म्हणजे ‘५९०’नं सुरू होणारा पिन आणि ‘मैसूर स्टेट’ एकाच कागदावर असले तर मधली फट जेमतेम सव्वा वर्षाची. पावतीवर रुपये-आणे-पै असतील तर साधारण १९५७ च्या आधीची, ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४. ‘बेळगावी’ असेल तर बहुधा २०१४ नंतरचं. नुसतं ‘बेळगाव’ असेल तर काहीच सिद्ध होत नाही. आपण आजही तेच लिहितो, आणि लिहिणारच.

एक सावधगिरी. छापलेल्या पिशव्या आणि पावतीपुस्तकं संपेपर्यंत वापरतात, म्हणून शेवटच्या तारखेपुढं दोन-तीन वर्षं मोकळी सोडा. ‘हँडलूम मार्क’ची, म्हणजे हातमागाच्या कापडावरच्या सरकारी खुणेची, चिठ्ठी असली तर २००६ च्या आधी जायचंच नाही.

आपण जुन्या साड्या बोहारणीला देऊन भांडी घेतली, जरी वितळवून चांदी काढली, म्हणून इंग्लंडातले लोक भुवया उंचावतात. यांच्याच सरकारनं १९४३ मध्ये जुन्यातून नवं शिवायची पुस्तिका काढली होती. साडी द्यायची तर द्या, त्यात गैर काही नाही. खरं देण्याआधी पदराचा, जोडाच्या रेघेचा उलट बाजूनं आणि दोन्ही काठांचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. पावती किंवा पिशवी असेल तर ती ठेवून घ्या. कागदाच्या मागं पेन्सिलीनं साडीचा रंग, लांबी आणि ती कुणाची होती ते लिहा. बॉलपेन नको, शाई पलीकडं उमटते.