भारतात जायची तयारी: तिकिटाच्या आधी ओटीपी

भारतात जायचं ठरलं की आमच्या न्यू जर्सीच्या मंडळींत दोन विषयांवर तासन्‌तास गप्पा होतात: कुठली एअरलाइन दोन बॅगा देते आणि बदाम-चॉकलेटं कुठल्या दुकानात स्वस्त पडतात. मीही वर्षानुवर्षं तेच करत आले आणि त्यानं काही अडलं नाही, कारण गावी आबा, म्हणजे माझे वडील, होते. सातबारा, घरपट्टी, लाइटबिल, बँक, सगळं त्यांच्या डोक्यात आणि त्यांच्या लोखंडी कपाटात. ते गेल्यानंतरच्या या फेरीत मात्र कामं होती. कोरेगाव तालुक्यातल्या शेतीवर वारसांची नोंद, आबांची बँकखाती आणि माझं स्वतःचं एक जुनं खातं. त्यासाठी काय काय जमवावं लागलं ते लिहिते. बदामांचं तुम्हीच मला सांगाल.

सुरुवात मोबाईल नंबरापासून करा. तिकीट नंतर. भारतातलं जवळजवळ प्रत्येक काम आता ओटीपीवर येऊन थांबतं आणि तो ओटीपी तुम्ही कधीकाळी दिलेल्या नंबरावर जातो. प्रीपेड नंबर 90 दिवस वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते आणि काही काळानं दुसऱ्याला देऊन टाकते. मग तुमच्या बँकेचे मेसेज अकोल्यातल्या कुणा अनोळखी माणसाला! माझा कॉलेजपासूनचा नंबर वाचला तो दादामुळे. त्यानं ते सिम जुन्या फोनमध्ये घालून टीव्हीच्या कपाटात ठेवलं होतं आणि न विसरता रिचार्ज करत होता. आता ट्रायच्या (फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) नियमामुळे कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यावे लागतात, त्यात वर्षभराचेही असतात. डेटाचे पैसे भरायचं कारण नाही. नंतरच्या एका फेरीत ते सिम मी माझ्याबरोबर आणलं आणि रोमिंग सुरू करून इथल्या फोनच्या दुसऱ्या खोबणीत टाकलं.

आबांचा नंबर आईकडे होता, बटणांच्या साध्या फोनमध्ये. लाइटबिल, गॅस, सगळं त्याच्यावर जोडलेलं. ते एकेक करून आईच्या किंवा दादाच्या नावावर करायचं तर प्रत्येक ठिकाणी ओटीपी हवा. हिवाळ्यात आमच्यात साडेदहा तासांचं अंतर. माझे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिकडे सकाळचे आठ, आईची पूजा नुकतीच झालेली. मी इथून बटण दाबायचे आणि व्हॉट्सअॅपवर म्हणायचे, "आई, आला बघ मेसेज." ती म्हणायची, "थांब गं, चष्मा कुठंय." मग, "चार... सात... हा एक आहे का सात, बघते हं." तोवर वेळ संपलेली असायची. शेवटी शेजारच्या पोराला सकाळी क्लासला जाताना पाच मिनिटं थांबायला सांगितलं, तेव्हा कामं पुढे सरकली. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. ओटीपी हाताशी आहे म्हणून गेलेल्या माणसाच्या खात्यातून पैसे काढत बसू नका. बँकेला मृत्यूचा दाखला देऊन नॉमिनीमार्फतच ते काम करा. उद्या वारसांत वाद झाला तर तेच व्यवहार कुणीतरी पुढे करतं.

घरात आमच्या तिघांची तीन प्रकारची कागदपत्रं. मी अमेरिकेची नागरिक, ओसीआयवाली, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते कार्ड असलेली. नवऱ्याकडे ग्रीनकार्ड आणि भारतीय पासपोर्ट. लेक इथेच जन्मलेली, तीही ओसीआय. परदेशी नागरिकत्व घेतलं की 1955 च्या कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं, त्यामुळे जुना पासपोर्ट सरेंडर केल्याचं प्रमाणपत्र आणि रद्द झालेला तो पासपोर्ट जपून ठेवा. माझ्या वारसनोंदीच्या वेळी तो रद्द पासपोर्टच सगळ्यात उपयोगी पडला, ते पुढे सांगते.

लेकीचं ओसीआय पूर्वी डोकेदुखी होती. इथे सोळा वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि दर नव्या पासपोर्टाबरोबर ओसीआयही नवं करायचं, म्हणजे पुन्हा फी, पुन्हा कुरिअर. 2021 पासून वीस वर्षांच्या आत नवं कार्ड काढावं लागत नाही. नवा पासपोर्ट मिळाल्यापासून तीन महिन्यांत त्याची प्रत आणि ताजा फोटो ऑनलाइन चढवायचा, फुकट. विसाव्या वर्षानंतर पहिला पासपोर्ट निघाला की एकदाच नवं कार्ड. वेळ जातो तो फोटोत. चौकोनी, फिकट पार्श्वभूमीचा. औषधाच्या दुकानातून काढून आणलेला फोटो साइट घेईना, मग घरच्या फिकट निळ्या भिंतीशी लेकीला उभं करून काढला. नव्या अर्जात सहीचं चित्र तीनास एक मापात कापून द्यावं लागतं, तेही आधीच करून ठेवलेलं बरं.

नवऱ्याचं त्या मानानं सोपं. भारतीय पासपोर्ट असलेल्याला तिकडे पोचल्यावर आधारसाठी लगेच अर्ज करता येतो, 182 दिवस राहण्याची अट त्याला नाही. माझ्यासारख्या ओसीआयवाल्यांना ती आहे. म्हणून "तुमचं आधार द्या" असं जिथे जिथे ऐकावं लागलं तिथे मी ओसीआय, पासपोर्ट आणि पॅन पुढे केलं. पॅन मात्र आधी तपासून घ्या. आधारशी न जोडलेली पॅन 1 जुलै 2023 पासून निष्क्रिय झाली. आपल्याला जोडणीतून सूट आहे, पण आयकर खात्याच्या नोंदीत तुम्ही अजून रहिवासीच असाल तर ते त्यांना कळणार कसं? आपण अनिवासी आहोत हे पासपोर्टच्या प्रतीसह आपल्या हद्दीतल्या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. हे काम इथे बसून होतं, तिथे सुट्टीत त्यावर दिवस घालवू नका.

माझं जुनं खातं साधं बचत खातं होतं. अनिवासी माणसाला ते तसंच चालवता येत नाही, एनआरओ, म्हणजे अनिवासींचं भारतातल्या पैशांसाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. केलं. त्यावरच्या व्याजावर तीस टक्के आणि वर सेस असा कर कापला जातो, तेव्हा मोठी रक्कम तिथे पडू देण्यात अर्थ नाही. पण एक खातं हवंच, कारण साताऱ्यात आता रिक्षावाल्यापासून कंदी पेढ्याच्या दुकानापर्यंत सगळे क्यूआर कोड पुढे करतात आणि पाचशेची नोट दिली तर सुट्ट्यासाठी आपल्याकडेच बघतात. एनआरओ किंवा एनआरई (परदेशातून पाठवलेल्या पैशांच्या) खात्यावर अमेरिकेच्या नंबरानंही यूपीआय चालतं, पण नोंदणीच्या वेळी त्या नंबरावरून एक एसएमएस जावा लागतो. ते घर सोडण्याआधी उरकून घ्या. विमानतळावरच्या वायफायवर तो एसएमएस जात नाही.

आता नावाचं. ही अडचण आपल्याकडच्या बायकांना जास्त. दहावीच्या दाखल्यावर मी आडनाव आधी, मग नाव, मग आबांचं नाव. पॅनवर माहेरचं नाव. अमेरिकेच्या पासपोर्टवर नाव आणि सासरचं आडनाव, मधलं काहीच नाही. तलाठी भाऊसाहेबांनी (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी, पण गावात अजून तलाठीच) वारसांची यादी वाचली, माझा पासपोर्ट हातात घेतला आणि विचारलं, "या कोण?" चुकीचं काहीच विचारलं नाही त्यांनी. रद्द झालेला भारतीय पासपोर्ट तेव्हा कामी आला. त्यावर वडिलांचं नाव आणि नवऱ्याचं नाव, दोन्ही छापलेलं. त्याला लग्नाचा दाखला जोडला आणि ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र तालुक्याला करून दिलं. या तीन गोष्टी एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.

वारसनोंदीला मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि सगळ्या वारसांची नावं-पत्ते असलेला अर्ज लागतो. ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइनही करता येतो. आधी वारस रजिस्टरला नोंद, मग फेरफार (जमिनीच्या नोंदीतला बदल), मग नोटीस. हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं आणि त्यानंतर मंडळ अधिकारी मंजुरी देतात. म्हणजे तीन आठवड्यांच्या सुट्टीत अर्ज शेवटच्या आठवड्यात दिलात तर काही हाती लागणार नाही. आमचा अर्ज दादानं आम्ही निघण्याआधीच देऊन ठेवला होता, मी पोचले ती ओळख पटवायला.

तिथे बसलेल्या एकानं सल्ला दिला की ताई परदेशात, हक्कसोड करून टाका, म्हणजे तुमचा हिस्सा सोडून द्या, कशाला भानगड. असं सुचवणारे बरेच भेटतात. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही हे खरं, पण वारसानं आलेली ठेवता येते, आणि एकदा सोडलेली पुन्हा विकत घेता येणार नाही. दादाच म्हणाला, "नाव राहू दे तिचं." त्यावर बोलणं संपलं. हक्कसोड करायचीच असेल तर ती नोंदणीकृत लागते, आणि ती घरच्यांशी शांतपणे बोलून ठरवायची गोष्ट आहे. परतीच्या विमानाच्या घाईत सही करायची नाही.

बाकीची तयारी भराभर सांगते. टायफॉइड आणि हेपटायटिस ए च्या लशी लेकीला निघण्याच्या बऱ्याच आधी दिल्या. टायफॉइडची किमान दोन आठवडे आधी हवी. इथलं केस वाळवायचं यंत्र 120 व्होल्टचं, तिथे 230, ते नेऊच नका. लॅपटॉप-फोनचे चार्जर दोन्हीकडे चालतात. नवरा सह्याद्रीत भटकणारा, त्याला त्याचं उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र न्यायचं होतं. भारतात ते परवानगीशिवाय बाळगता येत नाही, विमानतळावर अशा यंत्रांपायी परदेशी पाहुण्यांना अटकही झालेली आहे. ते घरी राहिलं. ई-सिगारेटचंही तसंच, 2019 पासून बंदी. दागिन्यांत वर्षाहून जास्त काळ बाहेर राहिलेल्या बाईला 40 ग्रॅम आणि पुरुषाला 20 ग्रॅमपर्यंतची सवलत. लग्नाला जाताना अंगावर त्याहून जास्त घालून जायचं असेल तर भारतातून निघताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घेतलेलं असावं, म्हणजे पुढच्या वेळी तेच दागिने परत आणताना प्रश्न येत नाही.

परतीच्या बॅगेवरून आईशी दर वेळी वाद. सुकं खोबरं चेक-इनमध्ये चालत नाही, ते पेट घेतं म्हणून. लोणचं हातातल्या बॅगेत अडतं. इंद्रायणी तांदूळ अमेरिकेत नेता येत नाही, धान्यात पडणाऱ्या खापरा किडीमुळे. कढीपत्ता नाही. आंबेही नाहीत, जे हापूस इथे मिळतात ते विकिरण करून आलेले. आईला हे सगळं मी सांगते आणि ती ऐकून घेते, आणि तरी भाकरीच्या पिठात एक खोबऱ्याची वाटी सापडते. आम्ही ती मुंबईला ताईकडे ठेवून येतो.

आबांच्या कपाटात जुन्या पाचशेच्या चार नोटा निघाल्या, 2016 च्या आधीच्या. त्या आता कुठेच बदलत नाहीत. दहापर्यंत जवळ ठेवायला कायद्याची हरकत नाही, त्याहून जास्त असतील तर मात्र गुन्हा. दोन हजारांची एक नोट होती, ती वेगळी. ती अजून रिझर्व्ह बँकेच्या बेलापूर, मुंबई, नागपूरसारख्या कार्यालयांत किंवा तिकडे पोस्टानं पाठवून खात्यात जमा करता येते. दादानं पोस्टानं पाठवली.

फेरफार मंजूर झाल्याचं मला इथे परतल्यावर दिसलं. पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा उतरवून घेतला. त्यानंतर एका रात्री बँकांत पडून राहिलेल्या ठेवी शोधायच्या रिझर्व्ह बँकेच्या उद्‌गम पोर्टलवर सहज आबांचं नाव घालून पाहिलं, तर दहा वर्षांहून जास्त पडून असलेली एक ठेव दुसऱ्याच एका बँकेत निघाली, जिच्याबद्दल आईलाही माहीत नव्हतं. तिच्यासाठी पुन्हा जाणं शक्य नाही, म्हणून दादाच्या नावानं मुखत्यारपत्र केलं. इथल्या नोटरीपुढे सही, मग इथल्या राज्य सरकारचं अपोस्टिल, म्हणजे तो कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून दिलेलं प्रमाणपत्र. ते कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक कार्यालयात नेऊन त्यावर शुल्क भरावं लागतं. कुरिअर काल साताऱ्यात पोचलं, दादा सोमवारी जातोय.