साबुदाण्याचं पंचांग, मिरचीचं कॅलेंडर : आमची वाटचाल

सांगलीत आमची छोटी फर्म आहे. घाऊक किराणा व्यापारी, मसाला तयार करणारे कारखानदार आणि पंपांचे सुटे भाग विकणारे दुकानदार आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात: पुढच्या महिन्यात माल किती लागेल? आम्ही त्यांचा मागचा खप पाहून आकडा काढून देतो. हे काम ज्या रीतीवर उभं आहे, तिचं नाव एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग. गेली काही वर्षं आम्ही तिच्याच जोरावर चाललो आहोत, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात सासऱ्यांच्या हिशेबाच्या कामातून झाली. ते व्यापाऱ्यांच्या वह्या लिहायचे, पुढे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर आले. मी संख्याशास्त्र शिकून या घरात आले आणि त्यांच्या शेजारी बसून काम पाहू लागले. विकलेल्या प्रत्येक पोत्याची तारखेसकट नोंद तिथे होती, पण तिचा उपयोग कर भरण्यापुरताच व्हायचा. माल मागवताना शेठ मंडळी मागच्या तीन महिन्यांची सरासरी धरत, नाहीतर सगळं अंदाजपंचे. माल कमी पडला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, जास्त झाला तर रोकड गोडाऊनमध्ये अडकून पडते. छोट्या व्यापाऱ्याला दोन्ही परवडत नाही.

स्मूदिंगचा हिशेब असा. समजा, या महिन्यासाठी ४०० खोक्यांचा अंदाज होता आणि विकली गेली ४५०. फरक ५० चा. या फरकाचा किती भाग मानायचा ते ठरवणारा गुणक म्हणजे आल्फा. तो ०.२ ठेवला तर त्या फरकाचा पाचवा भाग, म्हणजे १०, जुन्या अंदाजात मिळवायचा. नवा अंदाज ४१०. आल्फा ०.८ ठेवला तर तोच अंदाज ४४० वर जातो. आल्फा लहान असेल तर अंदाज सावकाश हलतो, मोठा असेल तर ताज्या खपामागे धावतो. आल्फा ०.२ असताना ताज्या महिन्याचं वजन २० टक्के, त्याआधीच्याचं १६, त्याआधीच्याचं १२.८, असं ते उतरत जातं. वर्षापूर्वीच्या सगळ्या इतिहासाचं मिळून वजन जेमतेम ७ टक्के उरतं. तीन महिन्यांच्या सरासरीत तिसऱ्या महिन्याला पूर्ण मान आणि चौथ्याला काहीच नाही, तसं इथे होत नाही. शिवाय दर मालामागे फक्त एक आकडा जपून ठेवावा लागतो.

हा गुण संगणक महाग होते त्या काळात फार मोलाचा होता. रॉबर्ट ब्राउन यांनी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी पाणबुड्यांचा माग काढताना ही कल्पना वापरली आणि १९५० च्या दशकात ती सुट्या भागांच्या साठ्यासाठी लावली. १९५७ मध्ये चार्ल्स होल्ट यांनी तिला चढउताराचा कल आणि हंगाम जोडला, १९६० मध्ये पीटर विंटर्स यांनी ती खऱ्या विक्रीच्या आकड्यांवर तपासली. म्हणजे ही रीत जन्मापासूनच गोडाऊनची आहे, आणि मला तिचा जिव्हाळा वाटतो तो त्यामुळेच.

लोक विचारतात, आता एवढी नवी तंत्रं आली असताना हे जुनं कशाला? २००० साली प्रसिद्ध झालेल्या एम-३ या अंदाजपद्धतींच्या स्पर्धेत ३००३ मालिकांवर (मालिका म्हणजे एका गोष्टीचे काळानुसार ओळीने मांडलेले आकडे) वेगवेगळ्या पद्धती आजमावल्या गेल्या. तिथे थीटा नावाची पद्धत सरस ठरली. २००३ मध्ये हाइंडमन आणि बिल्ला यांनी दाखवून दिलं की ती म्हणजे साधं स्मूदिंग आणि त्याला जोडलेला एक ठरावीक कल, एवढंच. आमच्या गिऱ्हाइकांकडे एका मालाचे फार तर पाच-सात वर्षांचे मासिक आकडे असतात. एवढ्या तुटपुंज्या इतिहासावर अवजड यंत्र चालवण्यात मला अर्थ दिसत नाही.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर पहिली कामं एक्सेलवरच केली. एक्सेल २०१६ पासून त्यात हीच रीत चालवणारं फोरकास्ट-ईटीएस हे फंक्शन तयार मिळतं. पण ते हंगामाची फक्त बेरीज धरतं, म्हणजे हंगामात दरवेळी ठरावीक नगच वाढतात असं मानतं. आपल्या बाजारात हंगाम बहुधा पटीत येतो: दुकानाचा खप दुप्पट झाला की दिवाळीची उसळीही दुप्पट होते. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये बेरजेचं आणि गुणाकाराचं अशी दोन वेगळी फंक्शनं आहेत, तीही फुकट. ज्यांना स्वतःच आकडे काढायचे आहेत त्यांना मी तेच सुचवते. आम्ही स्वतः मात्र आर या संख्याशास्त्राच्या मोफत सॉफ्टवेअरवर स्थिरावलो. त्यातल्या फोरकास्ट पॅकेजमधलं ईटीएस फंक्शन चूक, कल आणि हंगाम यांच्या वेगवेगळ्या जोडण्या लावून पाहतं आणि मोजमापाने एक निवडतं. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातले रॉब हाइंडमन यांनी ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं आहे. सांगलीतल्या दोन खोल्यांच्या फर्मला जगातल्या मोठ्या कंपन्यांच्या तोडीचं हत्यार विनामूल्य मिळतं, याबद्दल मी त्या माणसांची मनापासून ऋणी आहे.

तरी मशीनने निवडलं म्हणून आम्ही मान डोलावत नाही. शेवटचं एक वर्ष झाकून ठेवतो, आधीच्या आकड्यांवरून त्याचा अंदाज काढतो आणि ‘गेल्या वर्षी याच महिन्यात जेवढं, तेवढंच यंदा’ या सर्वांत सोप्या अंदाजाशी ताडून पाहतो. त्याला हरवता आलं नाही तर व्यापाऱ्याला तसं स्पष्ट सांगतो आणि त्या मालाचे पैसे घेत नाही.

वाढत्या धंद्यातला कल हा नाजूक विषय आहे. एका मसालेवाल्यांचा खप चांगला वाढत होता. होल्टची रीत तो कल सरळ रेषेत पुढे ओढते, आणि वर्षभरापुढचा आकडा बघून माणूस नवी चक्की घ्यायला निघतो. अशा ठिकाणी आम्ही गार्डनर आणि मॅकेंझी यांनी १९८५ मध्ये मांडलेला मंदावणारा कल वापरतो. महिन्याला १० खोक्यांची वाढ असेल आणि मंदावण्याचा गुणक ०.९ असेल, तर पुढच्या महिन्यात ९ वाढतात, त्यापुढे ८.१, आणि कितीही पुढे गेलं तरी एकूण वाढ ९० च्या वर जात नाही. कर्ज काढायचं की नाही हे ठरवताना हा सावध आकडा हाताशी असलेला बरा.

आता आमच्या कामाचा खरा गाभा. विंटर्सची रीत धरून चालते की हंगाम दर बारा महिन्यांनी त्याच जागी येतो. पण लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. रवा, बेसन, भाजके पोहे यांची फराळाची उचल एका वर्षी पूर्ण ऑक्टोबरात बसते, तर दुसऱ्या वर्षी निम्मी नोव्हेंबरात सांडते. सॉफ्टवेअरला वाटतं ऑक्टोबरचा खप पडला आणि नोव्हेंबरचा फुगला. ते हंगामाचे दोन्ही आकडे हलवून ठेवतं आणि पुढच्या वर्षीचा अंदाजही बिघडवतं.

आम्ही महिनेच बदलले. टॅलीतली विक्री तारखेवार काढायची, शेजारी प्रत्येक तारखेचा मराठी महिना मांडायचा आणि बेरीज चैत्र ते फाल्गुन अशी करायची. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यामुळे लक्ष्मीपूजनाआधीची उचल कायम आश्विनातच पडते. घटस्थापनेपासूनचा साबुदाणाही त्यातच. आणखी एक फायदा झाला: चांद्रमहिना २९ किंवा ३० दिवसांचा, त्यामुळे २८ दिवसांच्या फेब्रुवारीसारखी खोटी घट दिसत नाही. साबुदाणा, वरई, फराळाचं सामान यांचा अंदाज या एका बदलाने जेवढा सुधारला, तेवढा कुठल्याही आल्फाने सुधारला नसता.

पण सगळाच माल पंचांगावर चालत नाही. मिरची उन्हावर चालते. वर्षाचा मसाला करायचा म्हणून ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीची उचल मार्च ते मे यातच होते, मग चैत्र कधीही लागो. तीळगूळ संक्रांतीबरोबर जानेवारीच्या मध्यावर पक्के. या मालाला इंग्रजी महिनेच बरोबर. खजूर आणि शेवयांचं तिसरंच: हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, त्याला अधिक महिना नाही, म्हणून रमजान ईद २०२३ मध्ये २२ एप्रिलला होती आणि २०२५ मध्ये ३१ मार्चला आली. त्या दोन मालांना आम्ही हिजरी महिने लावतो. नवं दुकान आलं की पहिली बैठक याच कामात जाते. शेठना आणि त्यांच्या जुन्या दिवाणजींना समोर बसवून एकेक माल विचारायचा: काका, हा कशावर उठतो? सणावर, उन्हावर, पावसावर की लग्नसराईवर? हे ज्ञान कुठल्याही पॅकेजमध्ये नाही. ते गादीवर बसलेल्या माणसाकडेच असतं आणि तो ते मोकळेपणाने देतो.

जीएसटी आणि लॉकडाउन यांनी मालिका मोडल्या. १ जुलै २०१७ च्या आधी दुकानदारांनी साठा उतरवला, तो खप घटला म्हणून नव्हे. २०२० चे काही महिने तर खपाचे नव्हतेच. असे महिने रिकामे ठेवले तर आर च्या ईटीएसच्या जुन्या आवृत्त्या मालिकेतला सर्वांत लांब सलग तुकडा घेऊन बाकीचं सोडून देत, म्हणून तिथे आम्ही आजूबाजूच्या महिन्यांवरून काढलेला आकडा भरतो आणि तो भरलेला आहे अशी खूण ठेवतो.

पंपांच्या सुट्या भागांसाठी वेगळी वाट धरावी लागली. एखादं इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं फिरतं चाक) तीन-तीन महिने कुणी विचारत नाही आणि एकदम सहा जातात. साधं स्मूदिंग विक्रीच्या दुसऱ्या दिवशी सर्वांत मोठा अंदाज देतं, जेव्हा गरज सर्वांत कमी असते. क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये यावर उपाय दिला: किती नग गेले आणि किती महिन्यांनी गेले, या दोन्हीचं वेगवेगळं स्मूदिंग करायचं आणि भागाकार घ्यायचा. दर तीन महिन्यांनी सहा नग, म्हणजे महिन्याला दोन. हा आकडा किंचित जास्त येतो, म्हणून सिंटेटोस आणि बॉयलन यांनी २००५ मध्ये सुचवलेली दुरुस्ती करतो. आल्फा ०.१ असेल तर ०.९५ ने गुणायचं.

अंदाज देताना आम्ही एकटा आकडा देत नाही. ‘ताई, मला रेघा नकोत, पोती सांगा,’ असं एक व्यापारी सुरुवातीला म्हणायचे. त्यांना आम्ही दोन आकडे लिहून देतो: बहुधा इतकी जातील, आणि वीसपैकी एकोणीस वेळा इतक्यात भागेल. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा किती वर ठेवायचा ते मागच्या चुकांच्या पसाऱ्यावरून ठरतं. तमिळनाडूतल्या सेलमहून ट्रक यायला लागणारे दिवस धरून ते आता स्वतःच या दोहोंमध्ये कुठे थांबायचं ते ठरवतात.

यंदा, २०२६ मध्ये, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. अधिक महिना आम्ही मालिकेतून उचलून वेगळा ठेवतो, नाहीतर बाराचं चक्र तेराचं होतं. धोंड्याच्या महिन्यात लग्नं थांबतात, पण जावयाच्या वाणाचे तेहेतीस अनारसे घरोघरी होतात, तेव्हा तांदूळ, गूळ आणि तुपाचा आकडा हातानेच बसवावा लागतो. २०२० चा अधिक आश्विन लॉकडाउनच्या वर्षातला आणि २०२३ चा अधिक श्रावण पावसाळ्यातला. नेमका याच जागी आलेला अधिक ज्येष्ठ २०१८ चा आहे, म्हणून ज्यांच्याकडे त्या वर्षाची टॅली शाबूत आहे त्यांना ती काढून ठेवायला सांगितलं आहे. आषाढी एकादशी गेल्या वर्षी ६ जुलैला होती, यंदा २५ जुलैला आहे. साबुदाण्याच्या ऑर्डरी त्याच हिशेबाने पुढे सरकवून देतो आहोत.