‘यश’च्या ओळी वाचताना

आजचा सगळा दिवस एका शब्दात गेला. बातम्या, चरित्रे आणि ललित लेखन यांतून जमवलेल्या माझ्या छोट्याशा कॉर्पसमध्ये, म्हणजे संगणकावर शोधता येणाऱ्या मजकूर-संग्रहात, ‘यश’ शोधायला घेतले, तेव्हा पहिल्याच खेपेला ‘यशवंत’, ‘यशोदा’ आणि ‘विनयशील’सुद्धा समोर आले, कारण यंत्र अक्षरे जुळवते, अर्थ नव्हे. ती रूपे गाळण्यात आणि ‘यशाचा’, ‘यशाला’, ‘यशाने’ ही एकत्र आणण्यात सकाळ गेली. हे काम किचकट असले तरी ते नीट केल्याशिवाय पुढे एकही विधान करण्याचा हक्क मिळत नाही, असे मला मनापासून वाटते.

शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा, असे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये लिहिले. त्याच विचाराने ‘यश’च्या डावी-उजवीकडचे पाच-पाच शब्द पाहिले. ‘घवघवीत’ अर्थातच ठळकपणे पुढे आले. हे विशेषण यशाखेरीज फारसे कोणाच्या वाट्याला जात नाही, आणि सहप्रयोगाची, म्हणजे शब्दांच्या एकत्र येण्याची, काही मापे अशा एकनिष्ठ जोड्यांना जास्त गुण देतात. मला मात्र क्रियापदांनी थांबवून ठेवले. ‘चोरट्यांना जेरबंद करण्यात पोलिसांना यश आले’, ‘अखेर त्यांच्या प्रयत्नांना यश आले’, अशा ओळींमागून ओळी येत राहिल्या. यश येते, मिळते, लाभते. अपयश मात्र पदरी पडते, पचवावे लागते, आणि त्याचे खापर कोणाच्या तरी माथी फोडले जाते.

इथे एक मोठा मोह होतो. यश ‘येते’ म्हणजे मराठी माणूस ते दैवाचे दान समजतो, असे लिहून टाकावेसे वाटते, आणि दुपारी मी तसे टिपून ठेवलेही होते. संध्याकाळी ते वाक्य खोडले. मराठीत रागही येतो, झोपही येते आणि कंटाळाही येतो. ही व्याकरणाची सर्वसाधारण घडण आहे, आणि तिच्यावरून एका संस्कृतीचे तत्त्वज्ञान काढणे हा त्या संस्कृतीवर अन्याय आहे. खरा पुरावा जिथे लेखकाला निवड करता येते तिथे असतो: ‘तिने यश मिळवले’ आणि ‘तिला यश मिळाले’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध असताना कोणाबद्दल, कोणत्या प्रकारच्या लेखनात कोणते निवडले जाते, हे पाहायला हवे.

एका चरित्रातली ओळ अजून मनातून जात नाही. एका वैद्यांविषयी तिथे म्हटले आहे की त्यांच्या हाताला यश होते. इथे यश बाहेरून येत नाही आणि मिळवलेलेही नाही. ते हातातच वसलेले आहे, आणि त्याचा लाभ दुसऱ्याला होतो. संस्कृतमध्ये ‘यशस्’ म्हणजे कीर्ती, आणि इंग्रजी ‘सक्सेस’चा जुना अर्थ केवळ परिणाम, मग तो बरा असो वा वाईट, या दोन्हींहून हा वापर वेगळा आहे. मोजणीत तो तळाशी राहील, पण विरळ आहे म्हणून त्याला गौण ठरवायला माझे मन तयार नाही.

उद्या ‘मिळवले’ आणि ‘मिळाले’ यांच्या ओळी वेगळ्या करून, बातम्या आणि चरित्रे यांचे ढीग न मिसळता, हाताने वाचायच्या आहेत.