सतरा नंबरचं पोस्टर

परिषदेतल्या पोस्टर स्पर्धेच्या निकालपत्रकावर सही करण्याआधी मी त्याचा फोटो काढला होता. पहिला क्रमांक ५२, दुसरा ४७, तिसरा ६१. सभागृहात ६६ पोस्टर होती, तीन रांगांत लावलेली. ४५ ते ६६ ही तिसरी रांग. तिन्ही बक्षिसं तिथेच गेली होती. महिना होऊन गेला, तरी तो फोटो मी उघडून बघते.

मी वनस्पती रोगशास्त्र शिकवते. वर्षातून चार-पाच परिषदांना पोस्टरची परीक्षक म्हणून जाते. बाहेरच्या माणसाला वाटतं, परीक्षक सगळी पोस्टर बघतात आणि त्यांतलं सर्वांत चांगलं निवडतात. मोठ्या परिषदेत तसं कधीच होत नाही. त्या दिवशी आम्ही सहा परीक्षक होतो, दोघादोघांच्या तीन जोड्या, प्रत्येक जोडीला एक रांग, म्हणजे २२ पोस्टर. उरलेली ४४ आम्हाला बघायची नव्हती. पाच मुद्दे: कल्पनेतलं नावीन्य, पद्धत, निष्कर्ष, मांडणी, प्रश्नांची उत्तरं. प्रत्येकी १० गुण, एकूण ५०. दोघांनी वेगवेगळे कागद भरायचे, संयोजक सरासरी काढणार.

वेळ तीन तासांची ठरली होती. उद्घाटन लांबलं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, मग ज्यांचा सत्कार झाला त्यांचं मनोगत. आमच्या हाती ११० मिनिटं उरली. एका पोस्टरला पाच मिनिटं. ज्या मुलांनी दोन वर्षं राबून काम केलं, घरून पैसे आणून तीन बाय चार फुटांचा फ्लेक्स छापला आणि रात्रभर एसटीने प्रवास केला, त्यांच्या वाट्याची मिनिटं आपण सत्कारांत वाटून टाकतो. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. पोस्टर हा प्रकार परिषदांत आला तो बोलण्यासाठी. १९६९ साली माद्रिदला युरोपातल्या जीवरसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, तेव्हा भिंतीवर काम लावून त्याच्यासमोर उभं राहून चर्चा करायची पद्धत सुरू झाली. व्यासपीठावरच्या दहा मिनिटांत जे विचारता येत नाही ते इथे विचारता यावं, हाच हेतू होता.

मी पोस्टर शीर्षकापासून वाचत नाही. आधी आलेखाखालची ओळ बघते. किती रेप्लिकेशन, म्हणजे पुनरावृत्त्या? स्तंभाच्या टोकावरची उभी रेघ कसली, प्रमाण विचलन (वाचनं किती पसरली आहेत) की प्रमाण त्रुटी (त्यांची सरासरी किती नेमकी आहे)? तीनच वाचनं असतील तर प्रमाण त्रुटी ही प्रमाण विचलनाच्या साधारण ५८ टक्के येते. रेघ आखूड दिसते, काम नेमकं वाटतं, आणि ती कसली ते बहुतेक मुलं लिहीतच नाहीत. मग विचारते, की ही तीन वाचनं तीन वेगळ्या प्रयोगांतली, की एकाच प्रयोगात तीनदा मोजलेली? एकाच प्रयोगातली तीन मोजमापं तीन स्वतंत्र प्रयोग म्हणून धरणं ही चूक. परिसंस्थाशास्त्रज्ञ हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये तिला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ असं नाव दिलं. आजही दर सभागृहात ती भेटते. मुलांना मी दोष देत नाही. त्यांना हे कुणी शिकवलेलंच नसतं. मार्गदर्शकाचं नाव मात्र पोस्टरवर ठळक असतं.

माझ्याबरोबरचे परीक्षक निवृत्त प्राध्यापक होते. माझ्या पीएचडीच्या मौखिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून तेच आले होते. माझ्या प्रबंधावर त्यांची सही आहे. मी त्यांना आजही सर म्हणते आणि त्यांच्यासमोर आवाज खाली येतो. हे सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

सतरा नंबरला एमएस्सीची एक मुलगी उभी होती. विषय डाळिंबावरचा तेल्या. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: जिवाणूमुळे होणारा रोग, पानांवर-फळांवर तेलकट काळपट ठिपके पडतात, फळ एल किंवा वाय आकारात तडकतं आणि बाजारात त्याला कुणी हात लावत नाही. सांगोला, आटपाडी, सटाणा या भागांत तेल्यानं बागाच्या बागा उपटायला लावल्या आहेत. त्यामुळे शेतकरी जे कोणी सांगेल ते फवारून बघतो. आंबवलेलं ताक हा त्यांतलाच एक उपाय. हिने तोच तपासायला घेतला होता, मृग बहारात, म्हणजे पावसाळी दमट हवेत, जेव्हा तेल्याचा जोर सर्वांत जास्त असतो.

पाच ट्रीटमेंट होत्या: नुसतं पाणी, ताक, निंबोळी अर्क, ताक आणि निंबोळी एकत्र, आणि एक टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं मिश्रण. आरबीडीत मांडलेल्या, म्हणजे झाडांचे गट पाडून प्रत्येक गटात पाचही ट्रीटमेंट चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या. असा एक गट म्हणजे एक रेप्लिकेशन, अशी पाच. निष्कर्ष असा, की बोर्डोचा फरक पडला, बाकी तिन्हींचा पाण्याशी फरक सी.डी.च्या (क्रिटिकल डिफरन्स) आत, म्हणजे योगायोगानेही पडू शकेल एवढाच. तक्त्यात तिने ‘एन.एस.’ (नॉन-सिग्निफिकंट, लक्षणीय फरक नाही) लिहिलं होतं आणि खाली मोठ्या अक्षरांत, ‘या बागेत, या बहारात ताकाचा परिणाम आढळला नाही.’

“रेस्पेक्टेड जजेस” पासून सुरू झालेली पाठ केलेली चार इंग्रजी वाक्यं संपली आणि ती अडली. मी मराठीत विचारलं, “बाग कुणाची?”

“मामांची. आटपाडीजवळ.” आणि मग ती बोलायला लागली.

एक रेप्लिकेशन वाया गेलं होतं. मामांच्या गड्याने चुकून त्या ओळीवर कॉपर मारलं. तिने ती अख्खी ओळ वगळली आणि तसं पोस्टरवर लिहिलं. “मग उरलं काय?” मी विचारलं. “चार रेप्लिकेशन, मॅडम. एरर डीएफ बारा राहते. म्हणूनच आधीपासून पाच ठेवली होती.” एरर डीएफ म्हणजे प्रयोगातली त्रुटी अजमावायला हाती उरलेल्या स्वतंत्र तुलना. त्या फार घटल्या तर निष्कर्षावर भरवसा राहत नाही. कृषी संख्याशास्त्राचं पुस्तक लिहिणारे पानसे आणि सुखात्मे यांची नावं कृषीच्या प्रत्येक प्रबंधाच्या संदर्भसूचीत असतात. त्यांनी शिकवलेलं असं बागेच्या चिखलात वापरणारं मूल दोन-तीन वर्षांतून एखादंच भेटतं.

तळाशी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. ठिपके मोजणाऱ्याला कुठल्या झाडावर काय फवारलं आहे ते माहीत नव्हतं. झाडांना फक्त नंबरचे टॅग. मी म्हटलं, “बोर्डोची निळी झाक तर पानावर दिसतेच.” ती लगेच म्हणाली, “हो मॅडम, बोर्डो ओळखू यायचं. बाकी चार वाळल्यावर सारखेच दिसायचे. तेही लिहिलंय, इथे.” खरंच लिहिलं होतं. आपल्या कामातलं भोक तिने माझ्याआधी शोधून भिंतीवर लावलं होतं.

मी ४१ दिले. त्या दिवशीचे माझे सर्वांत जास्त गुण. पुढच्या पोस्टरकडे जाताना सरांचा कागद दिसला. २६.

“निष्कर्षच नाही ना हो,” सर म्हणाले. “सगळं एन.एस. आणि सादरीकरण अगदीच कच्चं.”

“पण सर, डिझाइन...” एवढंच मी बोलले. अठरा नंबरच्या मुलाने “गुड मॉर्निंग सर” म्हटलं आणि सर तिकडे वळले. मी पण वळले. एका पोस्टरवर दोन परीक्षकांमध्ये १५ गुणांचं अंतर, आणि आम्ही त्यावर अर्धं मिनिटही बोललो नाही. संयोजकांच्या एक्सेलने ३३.५ काढले आणि ते अंतर नाहीसं झालं.

जेवणाच्या सुट्टीत मी तिसऱ्या रांगेत सहज चक्कर मारली. ५२ नंबर देखणं पोस्टर होतं. वनस्पतीच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण, आणि त्यांनी तेल्याच्याच जिवाणूची वाढ रोखली. पेट्री डिशचे सुंदर फोटो, कागदी चकतीभोवती स्वच्छ वलय. मी त्या मुलाला दोन गोष्टी विचारल्या. तीन रेप्लिकेशन म्हणजे तीन प्लेट? “नाही मॅडम, एकाच प्लेटमध्ये तीन डिस्क.” आणि ज्या क्षारापासून कण बनवले ते नुसतं सिल्व्हर नायट्रेट लावून पाहिलं का? ते नव्हतं केलेलं. चांदीचे आयन स्वतःच जिवाणू मारतात. कण धुऊन वेगळे केले नसतील, तर ते वलय नॅनोकणांचं की उरलेल्या क्षाराचं हे त्या प्रयोगातून सांगताच येत नाही. मुलगा हुशार होता. प्रश्न ऐकताक्षणी त्याला ते उमगलं, त्याने वहीत लिहून घेतलं. सकाळी त्याच्या परीक्षकांनी हे विचारलं असतं तर त्याचंही भलं झालं असतं.

चारच्या सुमारास संयोजकांच्या खोलीत निकालपत्रक माझ्यासमोर आलं. तोवर तिन्ही रांगांचे आकडे एकत्र कुणी पाहिले नव्हते. आमच्या रांगेची सरासरी २८.५, तिसऱ्या रांगेची ४०. आमच्या रांगेतलं सर्वांत वरचं पोस्टर ३६.५ वर, तिसऱ्या रांगेतलं सर्वांत खालचं ३६ वर. ५२ नंबरला ४४.५. तिसऱ्या रांगेचे दोघे परीक्षक मायाळू होते. पोरं लांबून आली आहेत, त्यांना नाउमेद करू नये असं मानणारे. मला तो विचार चुकीचा वाटत नाही. पण त्यांचे ४० आणि आमचे ४० ही एकाच मापाची मोजणी नाही. दोन वेगळ्या तराजूंवरचा माल एकाच ढिगात ओतून वरचे तीन दाणे उचलायचे, असं ते चाललं होतं.

मी म्हटलं, “प्रत्येक रांगेतली वरची दोन पोस्टर काढू आणि ती सहा आपण सहाही जण पुन्हा बघू. अर्धा तास लागेल.”

खोलीत शांतता झाली. तिसऱ्या रांगेच्या परीक्षकांपैकी एक दुखावल्या. “म्हणजे आम्ही उगाच गुण दिले, असं म्हणायचंय का?” तसं मला म्हणायचं नव्हतं, पण ते पटवून देणं मला जमलं नाही. समन्वयक तरुण सहायक प्राध्यापक होता, पहाटेपासून उपाशी धावत होता. “मॅडम, साडेचारला पाहुण्यांना निघायचंय. प्रमाणपत्रांवर नावं घालायचीत. जरा सही करा ना.” सर म्हणाले, “चालायचंच. कुणाला तरी मिळतंच बक्षीस.” पाच सह्या झाल्या होत्या. मी फोटो काढला आणि सहावी केली.

बक्षीस समारंभ संपल्यावर ती मुलगी फ्लेक्स गुंडाळत होती. शेजारी टोपी घातलेले एक गृहस्थ दोरी धरून उभे. तेच मामा. मी तिला सांगितलं की काम फार चांगलं आहे, दुसऱ्या बहारातही कर. तिने मान हलवली. बक्षीस न मिळालेल्या मुलांना आम्ही सगळेच असं सांगतो, त्यामुळे ते तिला खरं वाटलं की नाही कोण जाणे. मामा म्हणाले, “औंदा ताक मारायचं बंद केलं बघा. चार फवारण्यांची मजुरी वाचली.” पद्धतशीर प्रयोग करून ‘फरक नाही’ असं कुणी सांगितलं, आणि त्यावर एका माणसाने आपल्या बागेचा निर्णय घेतला. आमच्या कागदावर त्याला ‘निष्कर्ष’ या रकान्यात सरांनी ३ दिले होते.

रात्री घरी आल्यावर मी हिशोब मांडला. प्रत्येक पोस्टरच्या गुणांतून त्याच्या रांगेची सरासरी वजा करायची आणि त्या रांगेच्या प्रमाण विचलनाने भागायचं. परीक्षक कडक की सैल, हा फरक त्यातून बराच निघून जातो. रांगांमध्ये पोस्टर चिठ्ठ्या टाकून वाटलेली असावीत एवढीच अट, आणि त्या दिवशी ती तशी होती. संगणकावर हे दोन मिनिटांचं काम. आमच्या रांगेचं विचलन ४, तिसरीचं २.५. ५२ नंबरचा आकडा १.८ आला. आमच्या रांगेतलं जस्त विरघळवणाऱ्या जिवाणूंवरचं पोस्टर २ वर गेलं, म्हणजे त्याच्या पुढे. आणि सतरा नंबर? १.२५.

मी पुन्हा करून पाहिलं. तोच आकडा. दिवसभर मी ज्या व्यवस्थेला दोष देत होते ती दुरुस्त केली असती, तरी ती मुलगी तिथेच राहिली असती. माझी सूचना मान्य होऊन रांगेतली वरची दोन पोस्टर काढली असती, तरी त्यांत ती नव्हती. सरांनी २६ ऐवजी ३६ दिले असते तर ती आमच्या रांगेत पहिली आली असती आणि रांगांचा हिशोब लावल्यावर सगळ्यांत वर. रांगांची गोष्ट मला चार वाजता कळली. २६ मात्र मी सकाळीच पाहिले होते, सरांच्या खांद्याजवळ उभी राहून.

गेल्या आठवड्यात मी सरांना फोन केला. आधी त्यांना मुलगी आठवेना. मी ताक म्हटलं, आटपाडी म्हटलं, मग टॅगची गोष्ट सांगितली. त्यांच्या नजरेतून ती ओळ सुटली होती. बराच वेळ ते गप्प राहिले. मला वाटलं, रागावले.

मग त्यांनी विचारलं, “टॅग कुणी बांधले? फवारणाराच मोजत असेल तर नंबरला काय अर्थ?”

नेमका प्रश्न. पाच मिनिटांत तो विचारायला हवा होता आणि मीही विचारला नव्हता. मी मुलीला ईमेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. फवारणी मामा आणि गड्याने केली, मोजणी तिने. टॅग मामीने बांधले. कुठला नंबर म्हणजे काय, ती यादी मामीने देवघरातल्या डब्यात ठेवली होती आणि शेवटची मोजणी होईपर्यंत मागूनही दिली नाही.

ते उत्तर मी सरांना जसंच्या तसं पाठवलं.